घरी सोडल्यानंतर : पहिल्या सभेपर्यंतची सोबत

मद्यपाशाच्या उपचारासाठी दाखल झालेल्या रुग्णाला घरी सोडण्याचा दिवस कुटुंबाच्या दृष्टीने आनंदाचा असतो, आणि तितकाच काळजीचाही. हातांचा थरकाप थांबलेला असतो, झोप व भूक परतलेली असते. तरीही निघताना पत्नी किंवा आई दाराशी घुटमळते आणि विचारते, ‘‘डॉक्टर, घरी गेल्यावर पुन्हा सुरू नाही ना होणार?’’ याचे प्रामाणिक उत्तर असे, की औषधाने शरीर सावरते. परंतु दारूवाचून संध्याकाळ कशी घालवावी, हे औषध शिकवीत नाही. ते शिकविणारी माणसे रुग्णालयाबाहेर, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस अर्थात ‘ए. ए.’च्या सभांमध्ये भेटतात.

सभा म्हणजे काय?

अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी बिल नावाचे शेअर व्यवसायातील गृहस्थ आणि डॉ. बॉब नावाचे शल्यविशारद, असे दोन मद्यपी एकमेकांच्या आधाराने दारूपासून दूर राहू लागले. डॉ. बॉब यांनी अखेरचा घोट घेतला तो १० जून १९३५ हा दिवस या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. भारतात हे कार्य १९५७ साली सुरू झाले. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट आहे. शुल्क नाही, आडनाव सांगण्याची सक्ती नाही. तासा-दीड तासाच्या सभेत सदस्य आपापला अनुभव सांगतात. मध्येच कोणी उपदेश करीत नाही. घरच्यांपासूनही लपविलेली आपली कहाणी नवागताला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावयास मिळते आणि ‘मी एकटा नाही’ हे त्यास प्रथमच उमगते.

या मार्गाचा उपयोग होतो काय? कॉक्रेन या संस्थेने २०२० साली २७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात एकूण १०,५६५ जणांचा समावेश होता. रुग्णास या सभांकडे पद्धतशीरपणे वळविणाऱ्या उपचारात एका वर्षानंतर सुमारे ४२ टक्के रुग्ण पूर्णतः मद्यमुक्त आढळले. अन्य उपचारांत हे प्रमाण ३५ टक्के होते. सर्वांनाच गुण येतो असे नव्हे; पण विनामूल्य मिळणाऱ्या आधाराच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

चिठ्ठी पुरेशी नाही

१९८१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग उद्बोधक आहे. दहा रुग्णांना सभेचे ठिकाण व वेळ सांगण्यात आली. अन्य दहा जणांचे उपचारकाच्या समोरच एका जुन्या सदस्याशी दूरध्वनीवर बोलणे करून देण्यात आले. त्या सदस्याने सोबत येण्याचे कबूल केले आणि आदल्या रात्री आठवणही केली. पहिल्या गटातील एकही रुग्ण सभेला गेला नाही. दुसऱ्या गटातील दहाही जण आठवड्याच्या आत गेले. म्हणून कुटुंबीयांस आमचे सांगणे असे :

१. रुग्ण दाखल असतानाच आमच्या समाजसेवकास भेटावे व सदस्याशी रुग्णाचे बोलणे करून घ्यावे. व्यसनमुक्तीविषयी माहितीसाठी १४४४६ हा निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकही आहे.

२. सभेची भाषा कोणती, ती ‘खुली’ आहे की ‘बंद’, हे आधी विचारावे. खुल्या सभेस नातेवाईक बसू शकतात. बंद सभा केवळ दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते.

३. पहिल्या दिवशी बोललेच पाहिजे असे नाही. एक गट न रुचल्यास दुसरा पाहावा. पाच-सहा सभांपूर्वी मत बनवू नये.

४. पुन्हा दारू घेतली गेल्यास लाजेने सभा सोडू नये. उलट त्याच दिवशी जावे.

५. सभा हा वैद्यकीय उपचारास पर्याय नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी दारू थांबविल्यास फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जिवावरही बेतते. अशा वेळी प्रथम रुग्णालयात यावे. चालू औषधेही डॉक्टरांच्या सल्ल्याविना बंद करू नयेत.

कुटुंबीयांसाठी

कपाटातील बाटल्या शोधणे, ‘आज त्यांना ताप आहे’ असे कार्यालयास खोटे कळविणे, यांत पत्नीची वर्षे जातात. तिच्यासाठी व अन्य आप्तांसाठी १९५१ साली सुरू झालेली अल-अ‍ॅनॉन ही स्वतंत्र संघटना आहे. रुग्ण दारू सोडण्यास तयार नसला, तरीही तिने या सभांना अवश्य जावे.

देणगीदारांस निवेदन

ए. ए. बाहेरील कोणाकडूनही देणगी स्वीकारीत नाही; सभेत फिरणाऱ्या पिशवीत सदस्य स्वेच्छेने टाकतील त्यावरच गटाचा खर्च चालतो. त्यामुळे आपले दान त्यांच्यापर्यंत जाणार नाही, आणि जाऊ नये. मात्र दाखल रुग्णाजवळ बसून तो दूरध्वनी लावून देणारा, आणि पहिल्या सभेच्या दारापर्यंत त्याच्यासोबत चालत जाणारा समाजसेवक आपल्या देणगीतून नेमता येतो. दाराशी थांबून प्रश्न विचारणाऱ्या त्या माऊलीस तेवढी सोबत देणे आपल्या हाती आहे.