विश्लेषण : नोटाबंदीत शिरोलीचे पगार अडले, तरी राग मतपेटीत का उतरला नाही?

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० रुपयांच्या नोटा बाद झाल्या. चलनातील ८६ टक्के रक्कम या दोनच नोटांत होती. शिरोली एमआयडीसीतील फाउंड्रीवाले आणि छोट्या जॉबवर्कवाल्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो पगाराचा.

पगार का अडले?

चालू खात्यातून आठवड्याला ५० हजारच काढता येत होते. त्यात २५ कामगारांना प्रत्येकी दोन हजार, म्हणजे एकेक नवी गुलाबी नोट. ती किराणा दुकानात सुटी मिळणेही अवघड. डिसेंबरअखेर केंद्राने वटहुकूम काढून पगार चेकने किंवा थेट खात्यात देण्याची वाट मोकळी केली. पण ज्याचे इथे खातेच नाही, त्या परप्रांतीय कामगाराला चेकचा उपयोग काय?

जिल्हा बँक कशी सापडली?

शिरोलीत कामाला येणाऱ्या आसपासच्या गावांतील अनेकांची घरची शेती आहे. ऊसबिल, दूधबिल, सोसायटीचे कर्ज यांची गाठ जिल्हा बँकेशी. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने देशभरातील जिल्हा बँकांना जुन्या नोटा घेण्यास आणि बदलून देण्यास मनाई केली. या बँकांतून काळा पैसा पांढरा होईल, हा संशय त्यामागे होता. कोल्हापूर जिल्हा बँकेचे अध्यक्ष तेव्हा राष्ट्रवादीचे हसन मुश्रीफ, तर केंद्रात आणि राज्यात सत्ता भाजपची. त्यामुळे गाऱ्हाणे खातेदाराचे असले तरी ते बँक चालवणाऱ्या पुढाऱ्यांचे भासू लागले. बंदीआधी १० ते १४ नोव्हेंबर या काळात घेतलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेत भरण्याची परवानगी मिळायला जून २०१७ उजाडला.

मतदारांनी काय केले?

फेब्रुवारी २०१७ मध्ये जिल्हा परिषदेची निवडणूक झाली. कोणालाच बहुमत मिळाले नाही. मार्चमध्ये मित्रपक्षांच्या साथीने भाजपचा पहिला अध्यक्ष झाला, तोही पुलाची शिरोलीच्या महाडिक घराण्यातून : शौमिका महाडिक. गटातटाचे राजकारण इथे नोटांपेक्षा भारी पडलेच. शिवाय आपण रांगेत उभे आहोत, पण मोठ्यांचे घबाड बाहेर येईल, ही आशाही होती. बाद नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्याचे रिझर्व्ह बँकेने सांगितले ते ऑगस्ट २०१८ मध्ये. २०१९ च्या विधानसभेत जिल्ह्यात भाजपची एकही जागा आली नाही. पण तिचा संबंध नोटाबंदीशी जोडणे ओढूनताणून होईल. त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी महापूर येऊन गेला होता.