सुरतेच्या कबरी, एडिंबऱ्याची घरं

ऑक्झेंडन हे नाव मराठी माणसाला शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकामुळे ठाऊक असतं. १६७४ साली नजराणा घेऊन रायगड चढला तो हेन्री. त्याच घराण्यातला जॉर्ज ऑक्झेंडन त्याआधी सुरतेच्या इंग्रज वखारीचा प्रमुख होता. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली तेव्हा त्याने माणसं उभी करून वखार राखली. १६६९ मध्ये तो सुरतेतच वारला आणि कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजी कबरस्तानात त्याला पुरलं. त्याचा भाऊ ख्रिस्तोफर तिथे १६५९ पासूनच होता. त्याच्या कबरीवरचा लॅटिन लेख थेट वखारीच्या चोपडीतला वाटतो: आयुष्याचा हिशोब, नफा, तोटा, सगळं आहे.

दोघा भावांची ही दुमजली कबर सुमारे चाळीस फूट उंच आहे. कोपऱ्यांत जाडजूड खांब, आतून वर जाणारा जिना, वर चहूबाजूंनी मोकळा सज्जा आणि माथ्यावर घुमट. पाहणाऱ्याला ती एखाद्या मोगल उमरावाची वाटते. क्रूस न पाहता ही ख्रिश्चनाची कबर म्हणून ओळखणारा विरळाच. कापूस, नीळ आणि मलमलीचा व्यापार करणारी ही माणसं. विलायतेत त्यांना चर्चच्या फरशीखाली जेमतेम जागा मिळाली असती. सुरतेत मात्र रुबाब दाखवायचा तर तो इथल्याच भाषेत दाखवावा लागे. सुभेदार आणि सराफ पाहत होते, आणि डचही.

डचांनी तर चंगच बांधला. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करवून घेणारा हेंड्रिक व्हॅन रीड १६९१ अखेरीस सुरतेकडे येताना जहाजावर वारला. त्याची सुरतेतली कबर ऑक्झेंडनना मागे टाकण्यासाठीच बांधली असावी, असं ती पाहताच वाटतं. तरी माझा कौल इंग्रजांच्या कबरीला. ती थोडी बोजड आहे, पण तिचा तोल चांगला आहे.

आता खरी गंमत. महाराजांनी सुरत लुटली त्याच महिन्यात लंडनमध्ये एका पोराचा बाप्तिस्मा झाला, जॉन व्हॅनब्रू. १६८३ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेला आला आणि दोनेक वर्षांत परतला. पुढे तो नाटककार झाला, आणि त्याहून पुढे कॅसल हॉवर्ड आणि ब्लेनहाइम या इंग्लंडातल्या सर्वांत दिमाखदार प्रासादांचा रचनाकार. स्थापत्याचं शिक्षण त्याने कुठे घेतलं, हे कोडं अभ्यासकांना फार छळत असे. त्याचा सुरतेतला मुक्काम विसाव्या शतकाच्या अखेरीस उजेडात आला, तेव्हा एक जुना कागद नव्याने वाचला गेला. १७११ मध्ये लंडनमध्ये पन्नास नवी चर्चं बांधायची टूम निघाली. तेव्हा व्हॅनब्रूने लेखी सूचना केली की मुडदे चर्चमध्ये पुरू नका, गावाबाहेर मोकळ्या जागेत भव्य कबरी बांधा. सुरतेत इंग्रज हेच करतात. सोबत सुरतेच्या कबरस्तानाचं स्वतः काढलेलं रेखाटनही जोडलं. कॅसल हॉवर्डच्या धन्यालाही अशी कबर बांधावी म्हणून तो सांगत राहिला. ती १७२९ मध्ये सुरू झाली, तेव्हा व्हॅनब्रू हयात नव्हता. आराखडा निकोलस हॉक्समूरचा.

इथून स्कॉटलंडची वाट थोडी वळणाची आहे. एडिंबऱ्याचा रॉबर्ट ॲडम हा अभिजात रोमन शैलीचा मोठा पुरस्कर्ता. त्याच्या काळात व्हॅनब्रूला जड, ओबडधोबड म्हणायची फॅशन होती. ॲडमने मात्र १७७३ मध्ये आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याची बाजू घेतली. इमारतीचा काही भाग पुढे यावा, काही मागे सरावा, काही वर उठावा, म्हणजे दर्शनी भिंतीत हालचाल येते. ही करामत व्हॅनब्रूला साधली होती, असं त्याचं म्हणणं. सुरतेच्या घुमटांनीच व्हॅनब्रूला हे शिकवलं, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण आकाशावर रेघ कशी उमटवायची, हे तिथे त्याच्या डोळ्यांत भरलं असणार, असं मला वाटतं.

ॲडमने १७९१ मध्ये एडिंबऱ्याच्या शार्लट स्क्वेअरचा आराखडा केला. त्याची उत्तरेकडची बाजू म्हणजे अकरा घरांची सलग रांग, सामाईक भिंतींची. आपल्या लेखी श्रीमंतांची चाळच. समोरून मात्र तो एकच राजवाडा दिसतो: तळमजल्याला खोल सांध्यांचे दगड, मधल्या भागात कोरिंथियन स्तंभ, त्यावर त्रिकोणी शिखर, दोन्ही टोकं किंचित पुढे. वकील, जमीनदार, व्यापारी एकेक घर घेत आणि प्रत्येकाला राजवाड्यात राहिल्याचा मान मिळे. पुढच्या वर्षीच ॲडम वारला; बांधकाम इतरांनी केलं. दर्शनी बाजू आराखड्याबरहुकूमच हवी, असं मालकांवर बंधन होतं. मधल्या ‘ब्यूट हाउस’मध्ये आज स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टरचं निवासस्थान आहे, शेजारच्या ७ क्रमांकात जॉर्जियन काळचं घर मांडून ठेवलं आहे.

सुरतेच्या गोपीपुऱ्यातही घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत: तोंड अरुंद, खोली फार, पुढे ओटला. गुजराती कवी नर्मदचं ‘सरस्वती मंदिर’ हे घर त्याच भागातलं. पण तिथे प्रत्येक घराचा खांब, कठडा, खिडकी वेगळी. शेजाऱ्याशी जुळवून घ्यायची सक्ती कुणावर नव्हती. एकसारखेपणाचा ॲडमचा हट्ट तिथे कुणी ऐकून घेतला नसता.

शार्लट स्क्वेअरला गेलात तर मागच्या गल्लीतही डोकवा. घडीव दगडाचा थाट समोरच संपतो. मागे साध्या दगडी भिंती. ऑक्झेंडन बंधूंच्या कबरीला अशी मागची बाजूच नाही. फिरून आलं तरी चारही बाजूंना तीच कमान आणि तोच सज्जा.