जुना डेस्कटॉप कुठे अडतो?

डेस्कटॉप संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर विंडोज दिसेपर्यंत यंत्रात सगळी कामे ठरलेल्या क्रमाने होतात. आधी वीज, मग प्रोसेसर, रॅम आणि डिस्प्ले, त्यानंतर हार्ड डिस्क, सर्वांत शेवटी ऑपरेटिंग सिस्टिम. त्यामुळे संगणक सुरू होत नसेल तर तो कोणत्या टप्प्यावर थांबला हे आधी पाहायचे. त्याच्या अलीकडचे भाग बहुधा शाबूत असतात. ‘मदरबोर्ड उडाला’ हा निकाल एवढी तपासणी न करता दिलेला असेल, तर तो मान्य करण्याचे कारण नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या असेंबल्ड यंत्रांत सैल जोड, संपलेला सेल, धूळ आणि फुगलेले कपॅसिटर हे नेहमीचे दोषी आहेत आणि हे चारही बिघाड दुरुस्त होतात.

बटण दाबूनही पंखा हलला नाही तर सॉकेट, एक्स्टेंशन बोर्ड, यूपीएस आणि पॉवर केबल आधी तपासावी. जुन्या एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पाठीमागे ११५ आणि २३० असे दोन आकडे असलेला छोटा लाल खटका असतो. आपल्याकडे तो २३० वरच हवा. ११५ वर राहिला तर एसएमपीएस आवाज करून जळतो. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स पद्धतीत संगणक बंद असतानाही जांभळ्या वायरीत ५ व्होल्ट असतात. बटण दाबले की हिरवी वायर अर्थशी जोडली जाते आणि एसएमपीएस जागा होतो. १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे स्थिर झाले की तो राखाडी वायरीवरून ‘पॉवर गुड’ हा संकेत पाठवतो. यात साधारण सेकंदाचा दहावा भाग ते अर्धा सेकंद जातो आणि तोवर प्रोसेसर रोखून धरलेला असतो. म्हणजे पंखा फिरतो, दिवाही लागतो, पण संकेत पोचत नाही म्हणून पडदा काळाच राहतो, असे होऊ शकते. मल्टिमीटरवर १२ व्होल्टची वायर ११.४ ते १२.६ च्या आत आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ च्या आत दिसायला हवी. एसएमपीएसचा डबा मात्र जाणकाराशिवाय कोणी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास भार उरलेला असू शकतो.

प्रोसेसरजवळ उभ्या असलेल्या छोट्या डब्यांकडे, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरकडे, नीट पाहावे. १९९९ नंतरच्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइट असलेले कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांत गेले आणि ते अकाली निकामी झाले. चांगल्या कपॅसिटरचा माथा सपाट असतो. बिघडलेल्याचा माथा वर कोरलेल्या रेषांवर फुगतो, कधी तिथून तपकिरी द्रव पाझरतो. असा संगणक अनेकदा पाच-सहा वेळा बटण दाबल्यावर एकदाचा सुरू होतो आणि गरम झाल्यावर नीट चालतो. हे लक्षण ओळखीचे आहे. कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, मूळच्याइतक्या किंवा जास्त व्होल्टचा आणि कमी ईएसआरचा, म्हणजे कमी अंतर्गत रोधाचा, लावला, तर टाकून द्यायला निघालेला बोर्ड पुढे वर्षानुवर्षे चालतो.

वीज ठीक असेल तर प्रोसेसर बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, चिपमधली पहिली सूचना वाचतो आणि ‘पोस्ट’ नावाची स्वतपासणी सुरू होते. इथे बोर्डावरचा छोटा स्पीकर बोलतो, म्हणून तो जोडलेला असणे महत्त्वाचे. बहुतेक बोर्डांवर एक छोटा बीप म्हणजे सर्व ठीक. अवॉर्ड बायोसवर एक लांब व दोन छोटे बीप आले की डिस्प्ले कार्डाची तक्रार असते. बायोसची कंपनी बदलली की अर्थही बदलतात, त्यामुळे बोर्डाचे पुस्तक पाहणे बरे. संगणक या टप्प्यावर अडला तर प्लग काढून रॅमच्या पट्ट्या बाहेर घ्याव्यात, सोनेरी कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा मऊ खोडरबराने हलकेच पुसाव्यात आणि एका वेळी एकच पट्टी लावून पाहावी. कोकणासारख्या दमट हवेत वर्षभर बंद राहिलेली यंत्रे एवढ्यानेही सुरू होतात. प्रोसेसरजवळचा चार पिनांचा १२ व्होल्टचा प्लग निघालेला असला तरी पंखे फिरतात आणि पडदा काळा राहतो.

तारीख कित्येक वर्षे मागे गेली, ‘सीमॉस चेकसम एरर’ आला, एफ१ दाबायला सांगितले, की बोर्डावरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल बदलावा. सेल संपला की बायोसची मांडणी मूळपदावर जाते. हार्ड डिस्कशी बोलण्याच्या एएचसीआय किंवा आयडीई पद्धतीची निवड त्यात बदलली, तर काल चालणारे विंडोज निळा पडदा दाखवून थांबते. त्यावरचा चूक-क्रमांक ‘७बी’ने संपतो. अशा वेळी डिस्क बिघडलेली नसते. जुनी निवड परत केली की विंडोज उघडते.

‘डिस्क बूट फेल्युअर’ आल्यावर विसरून राहिलेला पेन ड्राइव्ह काढावा, बूटचा क्रम पाहावा आणि बायोसला डिस्कचे नाव दिसते का ते तपासावे. नाव दिसत नसेल तर केबल बदलावी. आयडीई डिस्क असेल तर मास्टर-स्लेव्हचा जंपरही पाहावा. नाव दिसूनही ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ किंवा ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ आले, तर अडचण बहुधा विंडोजच्या सुरुवातीच्या फायलींत किंवा बूटच्या क्रमात असते. लिनक्सच्या लाइव्ह सीडीवरून संगणक सुरू झाला की बाकीच्या यंत्राविषयी बरीच खात्री पटते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती लगेच बंद करावी. प्रत्येक नव्या प्रयत्नाने पृष्ठभाग आणखी ओरखडला जाऊ शकतो. फोटो आणि कागदपत्रे मोलाची असतील तर ती डिस्क तज्ज्ञाकडेच द्यावी. आवाज नसेल तर ती दुसऱ्या संगणकाला यूएसबी अॅडॉप्टरने जोडून माहिती आधी उतरवून घ्यावी. चेकडिस्क चालवणे किंवा विंडोज नव्याने घालणे त्यानंतर.