धाग्याची दोन टोकं

दिवाळीच्या आगेमागे गेवराईकडच्या उमापूरच्या शिवारात वेचणी सुरू झाली की फुटलेलं एक बोंड हातात घ्या. सरकीवरचा एक तंतू, अगदी एकच, चिमटीने अलगद ओढा आणि उन्हाकडे धरा. लांबी अंगठ्याच्या पेराएवढी, जाडी केसाहून कितीतरी कमी. हा अख्खा तंतू म्हणजे एकच पेशी आहे!

आपल्या अंगातल्या पेशी बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. ही मात्र चिमटीत धरता येते. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पांढरट-पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. तेवढ्यात आत कोवळ्या सरकीच्या सालीवरच्या हजारो पेशी लांब व्हायला लागलेल्या असतात. सुमारे तीन आठवडे त्या नुसत्या लांबत राहतात. मग आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर चढतात, एकावर एक. बोंड फुटलं की पेशी मरते, तिच्यातलं पाणी आटतं, गोल नळी चपटी होते आणि स्वतःभोवतीच पीळ खाते. सगळी गंमत या पिळात आहे. पीळ असतो म्हणून तंतू एकमेकांना धरून राहतात आणि कापसातून सूत निघतं.

आता थोडा हिशेब करू. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की 33-34 किलो रुई निघते. उरते ती बहुतेक सरकी, तिचं तेल आणि जनावरांना पेंड. शर्ट 200 ग्रॅमचा धरला आणि कताई-विणाईतली तूट सोडली, तर त्या रुईचे सव्वाशे-दीडशे शर्ट होतात. कपड्याचं सूत चाळीस नंबरी असेल, तर एका शर्टात साडेतेरा किलोमीटर सूत असतं. म्हणजे तीन शर्ट उसवून सूत टोकाला टोक जोडलं, तर ते गेवराईहून बीडला पोचेल. आणि आपण तो शर्ट एका बाहीला डाग पडला म्हणून टाकून देतो.

घरच्यांसाठी निसर्गाला सोसेल असा कपडा कोणता, असं विचारलं की पटकन उत्तर येतं, ‘सुती घ्या.’ उत्तर बरोबर आहे, पण अर्धं.

कारण कापूस कापसाला सारखा नसतो. स्वातंत्र्याच्या वेळी देशातल्या कपाशीखालच्या जवळजवळ सगळ्या जमिनीवर देशी वाण होते. आज ते शोधावे लागतात. त्यांचा धागा आखूड आणि गिरण्यांची यंत्रं लांब धाग्याला सरावलेली, म्हणून ते मागे पडले. आधी अमेरिकन जातीचे वाण आणि संकरित बियाणं आलं, 2002 साली बोंडअळीला मारक अशा बीटी वाणाला परवानगी मिळाली. बोंडअळीचा बंदोबस्त झाला असं वाटत होतं, तोच गुलाबी बोंडअळी त्यालाही पचवून बसली. 2017 च्या हंगामात तिने राज्यभर कपाशीची दाणादाण उडवली आणि फवारणीचे पंप पुन्हा पाठीवर चढले. देशी कपाशीची मुळं खोल जातात, पावसाचा खंड ती जास्त सोसते आणि रस शोषणाऱ्या किडींपुढेही टिकते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचे सुधारित वाण जपले, वाढवले आहेत.

आखूड धाग्याचं कापड जाडंभरडंच असणार, असं कुणी म्हणालं तर त्याला मराठवाड्यातल्या तेरची गोष्ट सांगा. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात नोंद आहे, की तेरहून साध्या कापडाबरोबर नाना तऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जात असे. अमेरिकन कापूस तेव्हा इथे आलेलाच नव्हता. ती मलमल इकडच्याच कपाशीची.

आता दुसरा धागा. दुकानात जे ‘न चुरगळणारं’ म्हणून मिळतं ते बहुतेक पॉलिस्टर. पाण्याची बाटली ज्या प्लास्टिकची असते, त्याचाच हा बारीक ओढलेला धागा, खनिज तेलातून आलेला. तो धुताना झडतो. प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये मोजलं, तेव्हा सहा किलो पॉलिस्टर कपड्यांच्या एका धुण्यातून जवळपास पाच लाख तंतू सुटू शकतात असं दिसलं. डोळ्यांना न दिसणारे हे तुकडे मोरीतून ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला जातात.

दोन्हींतला फरक घरी बघता येतो. कपड्याच्या आतल्या शिवणीतून एक दोरा काढा. चिमट्यात धरून, खाली ताटली आणि शेजारी पाणी ठेवून पेटवा. हे काम मोठ्यांनीच करायचं, मुलांनी बघायचं. सुती दोरा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, मागे मऊ राख. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि मागे टणक काळा मणी उरतो. दोन्हींची मिसळ असेल तर राखेत खडे लागतात.

धागा आला कुठून, हे झालं एक टोक. दुसरं टोक त्याहून महत्त्वाचं आहे: या कपड्याचं पुढे काय होऊ शकतं? हा प्रश्न आपल्या आज्यांना कुणी शिकवला नव्हता, पण त्याचं उत्तर त्यांच्या हातात होतं. लुगडं विरलं की त्याचं दुपटं व्हायचं. नव्या बाळाला नवं कापड नको, अनेक धुण्यांनी मऊ पडलेलंच बरं. दुपट्यानंतर गोधडीचा थर, मग पायपुसणं, मग चुलीजवळचं फडकं. जे घरात जिरत नसे ते बोहारीण भांड्यांच्या बदल्यात घेऊन जाई.

एखादी जुनी गोधडी उलटून बघा. मधे लुगडी, धोतरं अंथरलेली आणि काठापासून आत आत फिरत गेलेला धावदोरा. थरांमध्ये हवा अडकते आणि तीच ऊब धरते. घोंगडीचंही तसंच. शिवाय मेंढीच्या काळ्या लोकरीला वेगळा रंग द्यावा लागत नाही आणि ताठपणासाठी खळ असते ती चिंचोक्याची.

तेव्हा खरेदीला निघताना एवढंच बघावं. मुलांचे कपडे सुती आणि दुमड जास्त सोडलेले घ्यावेत, उंची वाढली की उसवून लांब करता येतात. चप्पल अशी, की चांभाराला शिवता येईल. गळ्याहातातलं लाकडाचं, धातूचं, मण्यांचं, पुन्हा ओवता येईल असं.

ओवण्यावरून नेवासा आठवतं, बीडच्या शेजारच्याच जिल्ह्यातलं. 1954 ते 1956 या काळात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पुरलेल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांत ओवलेला दोरा शिल्लक होता, कापसाचा आणि रेशमाचा. कापूस मातीत इतका टिकत नाही. तांब्याच्या गंजाने दोरा कुजवणारे जीवाणू जवळ येऊ दिले नाहीत, म्हणून तेवढा वाचला. त्या मुलाच्या अंगावर दुसरं कापड असलंच, तर ते मातीने कधीच परत घेतलं. आज जत्रेत घेतलेली नायलॉनच्या दोऱ्यातली माळ मातीत पडली, तर तिला टिकायला तांब्याची गरज लागणार नाही.