विश्लेषण : भर पावसाळ्यात विमानाच्या इंजिनात बर्फ कसा जमतो?

धामणगाव बढे आणि मोताळा तालुक्यात बर्फ म्हटले की आठवते ती हरभरा-गव्हाच्या काढणीवेळची गारपीट. विमानाच्या इंजिनातला बर्फ मात्र २५ अंश तापमानातही जमतो. शेजारच्या जळगावात, शिवाय शिरपूर, बारामती, गोंदियातही वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. तिथे शिकणाऱ्यांना हा धडा सुरुवातीलाच द्यावा लागतो.

उकाड्यात बर्फ येतो कुठून?

सेस्ना १५२ सारख्या जुन्या प्रशिक्षण विमानात जुन्या मोटारसायकलीप्रमाणे कार्ब्युरेटर असतो. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, दाब घटतो आणि पेट्रोलची वाफ होते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, तेच इथे फार जोरात घडते. तापमान ३० अंशांहूनही अधिक घसरू शकते. हवा दमट असेल तर तिच्यातले बाष्प गोठून आतल्या झडपेवर साचते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार ३८ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असतानाही हे होऊ शकते. सर्वाधिक धोका उतरताना असतो, कारण तेव्हा झडप जवळजवळ बंद असते.

उड्डाणपूर्व तपासणीत तो दिसत नाही का?

नाही. वैमानिक विमानाभोवती फेरी मारतो. टाकीतले थोडे इंधन पारदर्शक भांड्यात काढून तळाशी पाणी आहे का पाहतो. वेग मोजणाऱ्या नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर तर केले नाही ना, हेही बघतो (आपल्याकडे ही शंका अगदी रास्त). पण कार्ब्युरेटरमधला बर्फ इंजिन सुरू झाल्यावरच तयार होतो. त्यामुळे धावपट्टीवर जाण्याआधी गरम हवेची खुंटी ओढून बघतात. ही हवा विरळ असल्याने फेरे थोडे कमी व्हायलाच हवेत. ते झाले नाहीत, तर गरम हवा इंजिनापर्यंत पोहोचत नाही, असे समजायचे.

नवशिका इथेच फसतो. आकाशात बर्फ जमल्यावर खुंटी ओढली की वितळलेले पाणी इंजिनात जाते आणि ते आधीपेक्षा जास्त खडखडते. आपलेच चुकले असे वाटून तो खुंटी परत ढकलतो. खरे तर तेव्हाच ती तशीच धरून ठेवायची असते. शिवाय विमान शेतात उतरलेच, तर तपास पथक येईपर्यंत बर्फाचा मागमूस उरत नाही.

डोळ्यांनी दिसू शकणारा बर्फ सुटला तर?

२७ डिसेंबर १९९१ रोजी स्टॉकहोमहून निघालेल्या स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सच्या विमानाच्या पंखांवर काचेसारखा पारदर्शक बर्फ होता. तपासणीत तो सुटला. उड्डाण होताच त्याचे तुकडे मागच्या दोन्ही इंजिनांत गेले आणि दोन्ही बंद पडली. विमान शेतात कोसळून त्याचे तीन तुकडे झाले, तरी त्यातले सर्व १२९ जण वाचले. पंखावर हात फिरवून बघणे किती मोलाचे, हे या एका घटनेवरून कळते.

मोठ्या जेट विमानांचे काय?

त्यांना कार्ब्युरेटर नसतो, पण उंच वादळी ढगांच्या माथ्यावरचे बर्फाचे बारीक कण इंजिनात शिरून साचतात. विमानातल्या रडारवर ते नीट दिसत नाहीत. या कणांमुळे इंजिनांची ताकद घटल्याच्या घटनांनंतर नोव्हेंबर २०१३ मध्ये बोइंगने जीई कंपनीच्या जीईएनएक्स इंजिनांची विमाने अशा ढगांपासून ५० सागरी मैल, म्हणजे सुमारे ९३ किलोमीटर दूर ठेवायला सांगितले. जपान एअरलाइन्सने दिल्ली मार्गावरून आपली ड्रीमलायनर काढून घेतली. एअर इंडियाच्या ड्रीमलायनरलाही हीच इंजिने आहेत. पुढे जीईने संगणक प्रणाली बदलली. बर्फाचे कण जाणवताच इंजिनाची झडप उघडून ते बाहेर टाकण्याची सोय त्यात करण्यात आली.