आधी इमारत, मग रस्ता, शेवटी बस

पुणे टप्प्याटप्प्याने वाढले आणि प्रत्येक टप्प्यात बस मागे राहिली. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, पुढच्या दशकात त्या पट्ट्यात बजाज आणि टेल्को उभे राहिले. 12 जुलै 1961 ला पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठांतली हजारो कुटुंबे उघड्यावर आली, पूरग्रस्तांसाठी वसाहती झाल्या आणि शहर जुन्या वेशीबाहेर सरकले. तरीही तेव्हाचे पुणे सायकलींचेच होते, कारण कारखाना, कॉलेज, मंडई सारे सायकलच्या टप्प्यात होते. नंतर हिंजवडीत आयटी आले. 1997, 2017 आणि 2021 अशी तीनदा आजूबाजूची गावे महापालिकेत घेतली गेली. 2021 मध्ये तेवीस गावे आल्यावर पुणे क्षेत्रफळाने मुंबईहूनही मोठी महापालिका ठरली.

हद्द वाढवायला एक अधिसूचना पुरते. त्या हद्दीत बस पोचवायला आगार, गाड्या, चालक, वाहक आणि दरवर्षीचा पैसा लागतो. तो कधीच वेळेवर आला नाही.

शहराच्या कडेच्या कुठल्याही नव्या गृहसंकुलाबाहेर सकाळी उभे राहून पाहावे. बारा मजली इमारती, आत पोहण्याचा तलाव, आणि फाटकाबाहेर बसथांबा म्हणून लोखंडी खांबावर एक पाटी. खाली फुटपाथ नाही, गटाराची सिमेंटची झाकणे आहेत. थांब्यापुढे मोटारी लावलेल्या, म्हणून बस कडेला लागतच नाही. ती मध्येच थांबते आणि धुण्याभांड्याच्या कामाला आलेल्या बाया, कॉलेजची मुले, रात्रपाळी संपवून निघालेला वॉचमन सारे भर रस्त्यात उतरून तिच्याकडे धावतात. मागून दुचाकी वाट काढत असतात. ज्याला परवडते तो वर्षभरात स्कूटर घेतो. पुण्यात नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या 2018 मध्ये लोकसंख्येच्या पुढे गेली, ती अशी एकेका थांब्यावरून. त्यात पुणेकराच्या शिस्तीचा दोष काढणाऱ्यांनी आधी त्या थांब्यावर उभे राहावे.

पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र करून 2007 मध्ये पीएमपी झाली. तोटा दोन्ही महापालिकांनी 60 आणि 40 टक्के असा वाटून घ्यायचा, हे ठरले. पण ‘तोटा’ म्हणूनच त्याकडे पाहिले गेले, हे खरे दुखणे आहे. उड्डाणपुलाच्या खर्चाला कोणी तोटा म्हणत नाही. केंद्राच्या निकषाप्रमाणे दर लाख लोकसंख्येमागे 60 बस हव्यात. 2011 च्या जनगणनेत दोन्ही शहरे मिळून साडेअठ्ठेचाळीस लाख लोक होते, म्हणजे तेव्हाच 2,900 बस लागत होत्या. त्यानंतर लोकसंख्या कितीतरी वाढली, आणि ताफा मात्र ठेकेदारांच्या गाड्या धरूनही दोन हजारांच्या आसपास घुटमळतो. 2025 मध्ये किमान तिकीट पाचाचे दहा रुपये झाले, महिन्याचा पास 900 वरून 1,500 वर गेला. सीएनजी आणि विजेच्या बसमध्ये पुणे देशात पुढे राहिले, 2021 मध्ये पेठांमधून दहा रुपयांत दिवसभर फिरवणारी ‘पुण्यदशम’ आली, या चांगल्या गोष्टी मी मोकळेपणाने मान्य करतो. पण गाडी नवी आली तरी फेरी दर किती मिनिटांनी, हा प्रश्न तसाच उरतो.

बीआरटीची, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेची, कथा सर्वांत जास्त जिव्हारी लागणारी. डिसेंबर 2006 मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातला पहिला प्रयोग पुण्याने केला. थांबे अर्धवट, प्रवाशाला मधल्या मार्गिकेपर्यंत जायला सुरक्षित वाट नाही, आणि मार्गिकेत खासगी वाहने घुसलेली. बदनामी त्यातून झाली. तीन वर्षांनी अहमदाबादने ‘जनमार्ग’ ही आपली बीआरटी सुरू केली आणि देशभरातून लोक बीआरटी पाहायला तिकडे जाऊ लागले. पुण्याने 2015 मध्ये दुसऱ्यांदा कंबर कसली. संगमवाडी–विश्रांतवाडी, मग नगर रस्ता. तिकडे पिंपरी-चिंचवडनेही मार्ग काढले. या वेळी बसच्या पायरीच्या उंचीचे फलाट होते, उजवीकडे दार असलेल्या गाड्या होत्या, आजीबाईंना पायरी चढावी लागत नव्हती. ही कल्पना बरोबर होती. गाड्या कमी पडल्या, चौकांत मार्गिका तुटली, घुसखोरांवर कारवाई थंडावली. दुरुस्तीऐवजी 2023 मध्ये नगर रस्त्यावरची मार्गिका उखडायला घेतली. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतला पुण्याच्या वाहतुकीतला हा सर्वांत चुकीचा निर्णय आहे.

मेट्रोवर आजवर भरपूर लिहिले गेले आहे. भूमिपूजन 2016, पहिली धाव 6 मार्च 2022, स्वारगेटपर्यंत भुयारी मार्ग सप्टेंबर 2024. गाड्या भरतात, लोकांना आवडतात, आणि जमिनीत खोल उतरलेले जिल्हा न्यायालय स्थानक पाहायला बाहेरगावचे पाहुणेही जातात. पण स्थानकातून घरापर्यंतचा शेवटचा किलोमीटर कोणाचा, यावर महामेट्रो, महापालिका आणि पीएमपी एकमेकांकडे पाहतात. पादचारी धोरण महापालिकेने 2016 मध्येच मंजूर केले आहे. ते कागदावरून रस्त्यावर आले ते जंगली महाराज रस्त्यासारख्या मोजक्या ठिकाणी.

स्थानकांभोवती पाचशे मीटरच्या पट्ट्यात चारपर्यंत एफएसआय, म्हणजे चटई निर्देशांक, देण्याचे धोरणही आहे. विचार योग्य आहे: लोक स्थानकाजवळ राहिले तर गाडी लागणार नाही. मात्र त्या जादा मजल्यांसोबत दोन-दोन मजले पार्किंगही बांधले जाते आणि घरांच्या किमती बसने फिरणाऱ्याच्या आवाक्याबाहेर जातात. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल एकाच पिढीने बांधले आणि 2020 मध्ये पाडले, तिथे आता मेट्रोसह नवा पूल आहे. 1987 च्या विकास आराखड्यातला शहराभोवतीचा जलद वाहतूक मार्ग अजून आराखड्यातच आहे. इतका पैसा आणि इतकी वर्षे अशी जात असताना हजारभर बस घ्यायला निधी नाही, हे उत्तर पटत नाही.

मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला तारीख आणि आकडा विचारा: आमच्या थांब्यावर दर किती मिनिटांनी बस येणार, कधीपासून, आणि तिचा पैसा कोणत्या अंदाजपत्रकात धरला आहे?