सह्याद्रीतल्या प्रस्तरारोहणाचं गाईडबुक कसं असावं?

सुळक्यांची यादी अकारविल्हे लावली, की पुस्तक दिसायला नीटनेटकं होतं आणि डोंगरात निरुपयोगी ठरतं. माझं मत स्पष्ट आहे: मांडणी पायथ्याच्या गावानुसार हवी. वजीर सुळका माहुलीच्या रांगेतला, पण त्याची वाट वांद्रे गावातून. लिंगाण्याला मोहरीहून बोराट्याच्या नाळेने उतरून जातात. गाव चुकलं की दिवस गेलाच!

मग त्या गावाजवळच्या प्रत्येक कड्यावरचे मार्ग, कड्याकडे तोंड करून डावीकडून उजवीकडे. फोटोवर आखलेली रेघ हवी. त्यावर स्टेशन कुठे, बोल्ट कुठे, ओव्हरहँग कुठे हे दाखवायचं. बोल्ट कोणत्या साली ठोकला हेही लिहा. आपल्या पावसात लोखंड गंजतं, त्यामुळे ही नोंद मार्गाच्या काठिण्यश्रेणीइतकीच महत्त्वाची. श्रेणीनुसार यादी मागे सूचीत द्या, तेवढी पुरे.

कड्याचं तोंड कुठल्या दिशेला, हे तर पहिल्याच ओळीत यावं. कोकणकडा पश्चिमाभिमुख, सकाळी सावली, दुपारनंतर ऊन थेट अंगावर आणि काळा बेसाल्ट तापलेला. आग्या मोहोळांच्या जागा ठळक अक्षरांत छापा. (मधमाश्या उठल्या की श्रेणीबिणी कुणी विचारत नाही.) पाणी आणि माघारीची वाटही हवी.

पहिल्या चढाईचा इतिहास? जरूर द्या, पण चौकटीत.

तुमच्या भागातल्या कड्यांचे जुने टोपो, वहीतली रेखाटनं असतील तर स्कॅन करून ठेवा आणि कमेंटमध्ये सांगा.